पन्नास म्हणजे खरोखर पन्नास: ‘यूएफओ ५०’

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. पहिल्या पानावर १९९७ च्या उन्हाळ्यातलं माझं गोल गोल अक्षर आहे. मग बरीच पानं कोरी, आणि त्यापुढे गेल्या वर्षीचं अक्षर, ‘यूएफओ ५०’ या व्हिडिओ गेमच्या संग्रहाबद्दलचं. दोन्हीकडे एकाच प्रश्नाचा हिशोब मांडलाय: या कॅसेटमध्ये खेळ नक्की किती?

बार्शीला अण्णांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मे महिन्याच्या सुट्टीत ते मागच्या खोलीत दोन जुने टीव्ही आणि दोन व्हिडिओ गेम लावून द्यायचे. तासाला पाच रुपये. मी अकरा वर्षांची, पैसे गोळा करायचं काम माझ्याकडे. येणारी पोरं कॅसेटवर छापलेला आकडा बघून कॅसेट निवडायची. ‘७६-इन-१’ला कुणी हात लावायचं नाही, ‘९९९९९९-इन-१’साठी भांडणं व्हायची. एवढे खेळ असतील तर एकदा मोजूनच बघू, म्हणून मी वही घेऊन बसले. मारिओ, कॉन्ट्रा, रोड फायटर, सर्कस चार्ली, गॅलेक्सियन, डक हंट, आणि आम्ही ज्याला नुसतं ‘टँक’ म्हणायचो तो बॅटल सिटी. एकविसाव्या नंबरपर्यंत यादी छान वाढली. बाविसाव्याला पुन्हा मारिओ आला, फक्त सुरुवात पुढच्या स्टेजपासून. तेविसाव्याला पुन्हा कॉन्ट्रा, जास्त लाइफ दिलेला. तिथून पुढे कितीही गेलं तरी तेच एकवीस फिरून फिरून.

मला रडू आलं होतं. अण्णांनी कॅसेटचे स्क्रू काढून आतली हिरवी पट्टी दाखवली. तिच्यावर डांबराच्या ठिपक्यासारखा एक काळा थेंब होता. ते म्हणाले, “खेळ या थेंबात आहेत तेवढेच. यादीतला प्रत्येक नंबर त्यातलाच एखादा खेळ वेगळ्या जागेवरून सुरू करतो. आकडा छापायला काही लागत नाही, बाळ.”

म्हणून २०२४ च्या सप्टेंबरात ‘यूएफओ ५०’ नावाचा खेळ आला, एकाच पैशात पन्नास खेळ अशी त्याची ओळख वाचली, तेव्हा मी आधी वही शोधली आणि मग पैसे भरले.

आता वर्ष उलटून गेलंय. पन्नासही उघडून, प्रत्येकाला निदान एक संध्याकाळ देऊन मग हे लिहितेय. मोजणी बरोबर आहे. पन्नास म्हणजे पन्नास. त्यातले दहा-बारा तर असे आहेत की एकेकटे विकायला ठेवले असते तरी मी घेतले असते.

कल्पना अशी आहे. ‘यूएफओ सॉफ्ट’ नावाची एक कंपनी १९८० च्या दशकात होती, तिने स्वतःच्या यंत्रासाठी १९८२ ते १९८९ या काळात खेळ काढले, नंतर ती विस्मरणात गेली, आणि आता कुणीतरी तिचा सगळा संग्रह शोधून आपल्यासमोर ठेवलाय. ही कंपनी कधीच नव्हती. पन्नासही खेळ आजच्या माणसांनी नव्याने केलेले आहेत. ‘स्पेलंकी’ हा खेळ करणारा डेरेक यू, त्याचा लहानपणापासूनचा मित्र आणि पत्त्यांचे-पटावरचे खेळ रचणारा जॉन पेरी, ‘डाउनवेल’ करणारा ओजिरो फुमोतो, संगीतकार आयरिक सुर्के, आणि पॉल ह्यूबन्स व टायरीक प्लमर. एवढ्या थोड्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून हे केलं. २०१७ मध्ये जाहीर झालेला संग्रह हातात पडायला सात वर्षं लागली. २०२५ मध्ये तो निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावरही आला.

यादी सालाप्रमाणे लावलेली आहे, आणि न उघडलेल्या खेळावर धूळ साचलेली दिसते. पहिल्यांदा निवडला की ती झटकली जाते. आमच्या दुकानात कॅसेट लावण्याआधी पोरं तिच्या तोंडात फुंकर मारायची. (अण्णा ओरडायचे, कारण थुंकीच्या ओलाव्याने पिना काळ्या पडतात.) धूळ उडताना बघून मला तीच फुंकर आठवली.

सगळ्या खेळांना नियम एकच: बाणाची चार बटणं आणि आणखी दोन, एवढ्यावर खेळ चालला पाहिजे. रंग मिळून ३२. चित्रं ठोकळ्यांची, आवाज जुन्या चिपसारखा. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे हे बंधन मला फार जवळचं आहे. आमच्या दुकानातली यंत्रं ज्याची नक्कल होती तो निन्टेन्डोचा फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानात आला, तेव्हा त्यात कामाची मेमरी होती दोन किलोबाइट. पडद्याच्या एका आडव्या रेषेत आठापेक्षा जास्त हलणारे तुकडे त्याला दाखवता येत नसत, म्हणून गर्दी झाली की चित्रं लुकलुकायची. ‘यूएफओ ५०’ आजच्या लॅपटॉपवर चालतो, त्याला तशी कुठलीच अडचण नाही. पडदाही त्यांनी आजच्या टीव्हीसारखा रुंदच ठेवलाय. बंधन त्यांनी मुद्दाम घालून घेतलं, आणि त्याचा फायदा आमच्या घरात रोज दिसतो: बारा वर्षांची लेक, मी आणि बहात्तर वर्षांचे अण्णा, तिघांनाही बटणं समजावून सांगावी लागत नाहीत.

पहिला खेळ ‘बार्बुटा’, साल १९८२. अनेकजण इथूनच मागे फिरतील याची मला खात्री आहे. संगीत नाही. माणूस सावकाश चालतो. काय करायचं ते कुणी सांगत नाही. किल्ल्यासारख्या खोल्यांमधून हिंडायचं, आणि पहिल्या काही पावलांतच तुमचा जीव जातो. लेक म्हणाली, “आई, हा बिघडलाय.” बिघडलेला नाही. तो तुम्हाला पहिल्याच मिनिटाला सांगतो की इथे प्रत्येक वीट संशयाने बघा. काही भिंती भिंती नाहीतच, काही दगड आधार देतात आणि काही खाली खेचतात. मी वहीच्या चौकटीच्या पानावर नकाशा काढायला लागले आणि तीन रविवार कसे गेले कळलं नाही. पण नव्या माणसाने यापासून सुरुवात करू नये. आधी पाच-सहा दुसरे खेळा, या लोकांवर विश्वास बसू द्या, मग इकडे या.

मी सांगते, सुरुवात ‘मॉर्टोल’पासून करा.

कॉन्ट्रा खेळलेल्या प्रत्येकाला ती युक्ती पाठ असते: वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. तीन ऐवजी तीस लाइफ. ही युक्ती मुळात कॉन्ट्रासाठी झालेलीच नाही. १९८६ मध्ये काझुहिसा हाशिमोतो हा प्रोग्रामर ‘ग्रॅडियस’ हा खेळ फॅमिकॉमवर आणत होता, आणि तपासणीसाठी खेळायला तो स्वतःलाच फार अवघड जात होता, म्हणून त्याने ही सोय ठेवली. आमच्या दुकानात तीस लाइफ म्हणजे चैन होती. पोरं अंगावर गोळ्या घेत पुढे धावायची. लाइफ म्हणजे चूक झाली तर माफी, एवढाच त्याचा अर्थ आम्हाला माहीत होता.

‘मॉर्टोल’मध्ये तुमच्याकडे वीस माणसं आहेत आणि त्यांना मारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. एक बाण होऊन भिंतीत रुततो, त्याच्यावर पाय देऊन दुसरा वर चढतो. एक स्फोट होऊन वाट मोकळी करतो. एक दगड होऊन जागीच थिजतो, तो मागच्याची पायरी होतो. गेलेला माणूस काहीतरी ठेवून जातो, आणि उरलेली माणसं पुढच्या स्टेजला तेवढीच मिळतात. एका उंच भिंतीपाशी मी चौघांना रोवून वर पोचले. लेकीने नीट उडी साधून तेच काम एकात केलं आणि उरलेले तीन पुढे नेले. त्या दिवशी आम्ही जेवण विसरून त्या एका भिंतीबद्दल बोलत होतो. यादीत खूप पुढे ‘मॉर्टोल २’ येतो, आणि त्यात शंभर माणसं, वेगवेगळ्या कामांची, सगळा डाव एकाच मोठ्या नकाशावर. पहिला खेळून झाल्यावर दुसरा उघडला की जाणवतं, त्या नसलेल्या कंपनीतल्या माणसांनी मधल्या वर्षांत विचार केलाय. ‘कॅम्पानेला’ या उडत्या तबकडीच्या तीन भागांतही हीच वाढ दिसते. पन्नास खेळ साल लावून एकत्र ठेवण्याचं कारण मला इथे उमगलं. सुटे विकले असते तर ही वाढ कुणाला दिसली नसती.

‘पार्टी हाऊस’बद्दल मात्र मी अण्णांचं ऐकून लिहिते, कारण आमच्या घरात तो त्यांचा खेळ आहे. अण्णांनी आयुष्यभर व्हिडिओ गेम दुरुस्त केले, पण खेळले कधीच नाहीत. बोटांची घाई त्यांना जमत नाही. इथे घाई नाही. तुमचं एक घर आहे आणि रोज रात्री पाहुणे बोलवायचे आहेत. दार उघडलं की तुमच्या यादीतला कुणीतरी येतो, पण कोण ते ठरलेलं नाही. जुना मित्र आला की लोकांत नाव होतं, पैसेवाला आला की पैसे मिळतात. दंगेखोर मित्र आला की नाव जास्त होतं, पण त्याच्याबरोबर भांडणही येतं. तीन भांडणं घरात जमली की पोलिस दारात, आणि त्या रात्रीची कमाई गेली. प्रत्येक पाहुण्यानंतर एकच प्रश्न: अजून एकदा दार उघडायचं, की आज इथेच थांबायचं? मिळालेल्या नावावर नवे पाहुणे यादीत घ्यायचे, पैशांवर घर वाढवायचं, आणि पंचवीस रात्रींच्या आत एकाच रात्री चार मोठ्या पाहुण्यांना एकत्र आणायचं.

अण्णांनी अर्धा तास माझ्या मागे बसून बघितलं, आणि मग रिमोट, म्हणजे खेळाचा बटणांचा कंट्रोलर, मागितला. त्यांच्या मते हा सरळ सरळ पंगतीचा हिशोब आहे. “एक तापट पाहुणा असला तर चालतो, त्याच्यामुळे गप्पा रंगतात. तिघं एका पंगतीला बसले की वाढप्यांचे हाल.” त्यांनी काय केलं, तर सुरुवातीला मोठी माणसं घेतलीच नाहीत. भांडण शमवणारा एक शांत हिप्पी यादीत मिळतो, तो दोनदा घेतला, आणि मगच दंगेखोर वाढवले. मला जे आठवडाभर जमलं नव्हतं ते त्यांनी दुसऱ्या संध्याकाळी, तेविसाव्या रात्री केलं. जॉन पेरी पत्त्यांचे खेळ रचणारा माणूस आहे हे इथे पानापानात दिसतं. पत्ते पिसण्याचं सगळं सुख आहे, आणि पत्ता कुठे दिसत नाही.

बाकीच्यांमध्ये मला सर्वात प्रिय ‘मिनी अँड मॅक्स’. एक मुलगी आणि तिचा कुत्रा सामानाच्या खोलीत अडकलेत. दार बंद. पण तिला लहान होता येतं, इतकं लहान की फडताळाचा प्रत्येक कप्पा एक गाव होतो. खोली एकच, आणि ती संपत नाही. अण्णांच्या दुकानात सुट्या भागांचं एक लाकडी कपाट होतं, चाळीस खणांचं. रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, नॉब, आणि कधी काढलं तेही न आठवणारं बरंच काही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी एकेक खण उघडून बसायचे. त्या दुपारी मला या खेळात परत मिळाल्या. दुसरं काही घेतलं नाहीत तरी यासाठी संग्रह घ्या, असं मी मनापासून सांगेन.

‘राक्षस’ हे नाव यादीत दिसल्यावर मी थबकले. नाव आपल्याकडचं, पण खेळ जुन्या आर्केडच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या, वळणाचा, चालत जाऊन भुताखेतांशी लढण्याचा, आणि कठीण. त्यातली मरणाची कल्पना विलक्षण आहे. मेलात की डाव संपत नाही. तुमचा आत्मा सुटतो, त्याला हवेत फिरवून स्वतःला पुन्हा गोळा करायचं आणि शरीरात परत यायचं. दर वेळी ते जास्त अवघड होत जातं. ‘मॉर्टोल’मध्ये मरण हे हत्यार आहे, इथे मरण हा खेळातला दुसरा खेळ आहे. ‘पायलट क्वेस्ट’ तर तुम्ही दुसरं काही खेळत असतानाही मागे चालू राहतो. परत जाल तेव्हा माल साठलेला असतो. पन्नास खेळ एका पेटीत असल्याचा असा उपयोग करावा हे सुचणं, याला मी दाद देते.

दोघांनी मिळून खेळायचं तर ‘बुशिडो बॉल’. समोरासमोर उभं राहून चेंडू परतवायचा, एवढंच. धाकटा भाऊ दिवाळीला पुण्याहून आला तेव्हा आम्ही रात्री दोनपर्यंत खेळलो. लहानपणी ‘टँक’मध्ये गरुडाभोवतीची वीट कुणी फोडली यावरून आमची मारामारी व्हायची, तोच आवाज पुन्हा घरात निघाला. मात्र दोघांनी एकाच टीव्हीसमोर बसायचं आहे हे लक्षात ठेवा. इंटरनेटवरून लांबच्या भावाशी खेळण्याची सोय खेळात दिलेली नाही, आणि परगावी भावंडं असलेल्यांना ती उणीव जाणवेल.

उणिवा आणखी आहेत. ‘कॉम्बॅटंट्स’ हा मुंग्यांच्या फौजेचा खेळ मला आवडला नाही. आपल्या मुंग्या सांगितलेलं ऐकत नाहीत, चाल संथ, आणि त्या संथपणातून ‘बार्बुटा’सारखं काही हाती लागत नाही. ‘अनियन डिलिव्हरी’त गाडीतून कांदे घरोघर पोचवायचे आहेत. विषय आपल्या जिव्हाळ्याचा, पण स्टिअरिंग हाताला बसायला चार संध्याकाळी लागल्या. लेकीला तो फार आवडतो, तेव्हा हे माझं एकटीचं मत समजा. गोळीबाराचे खेळ मी प्रत्येकी एक संध्याकाळ देऊन सोडले, त्यांच्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. ‘ग्रिमस्टोन’ ही काउबॉयांच्या मुलखातली लांबलचक कथा आणि ‘नाइट मॅनर’ हे भुताटकीचं घर, दोन्हींत वाचायला पुष्कळ आहे. इंग्रजी वाचणारं कुणीतरी शेजारी बसलेलं असावं. अण्णांना मी वाचून दाखवते, आणि ‘नाइट मॅनर’ असा ऐकत खेळायला अधिक भीतिदायक होतो.

अवघडपणाबद्दल स्पष्ट सांगते: हा संग्रह मुलांसाठी सोपा केलेला नाही. बरेचसे खेळ मध्येच थांबवून उद्या तिथून सुरू करता येत नाहीत. हरलात की पहिल्यापासून. लेक पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी दहा खेळ उघडायची आणि दहाही टाकून द्यायची. पन्नासांची यादी समोर असली की असं होतंच. दुकानात आमच्याकडे एकवीसच होते, आणि तेही रोज. म्हणून ‘सर्कस चार्ली’तल्या आगीच्या कड्यांमधलं अंतर मला अजून बोटांत आठवतं. मग आम्ही घरात नियम केला: एका संध्याकाळी एकच खेळ, आणि उठण्याआधी वहीत त्याबद्दल दोन ओळी. तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळनंतर ‘व्हेलग्रेस’सारखा, पायाखाली ढासळत जाणाऱ्या पायऱ्यांवरून वर चढण्याचा निर्दयी खेळही तिला कळू लागला. तिच्या ओळी आता माझ्यापेक्षा चांगल्या असतात. कॅमोफ्लाजबद्दल, म्हणजे रंग बदलत लपत जाणाऱ्या सरड्याच्या खेळाबद्दल, तिने लिहिलंय: “इथे जिंकायचं म्हणजे कुणाला दिसायचं नाही.”

घेणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. अमेरिकेत किंमत २४.९९ डॉलर, म्हणजे खेळामागे अर्धा डॉलर. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आपल्याला ती रुपयांत दिसते, आणि सवलतीची वाट बघायची तर बघा. लॅपटॉप साधा चालतो, माझ्याकडचा जुना आहे आणि त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. वायरचे दोन रिमोट घ्या. कीबोर्डवर खेळता येतं, पण उडी मारायची खूण अंगठ्यालाच बरोबर कळते. टीव्हीला जोडलात तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करायला विसरू नका. पूर्वीच्या जाड काचेच्या टीव्हीवर चित्र लगेच उमटायचं. डक हंटची बंदूक चालायची ती त्यामुळेच: खटका दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा, आणि बंदुकीतली भिंग-नळी तो उजेड त्याच क्षणी टिपायची. पोरं बल्बवर नेम धरून फसवायला बघायची, पण आधीच्या काळ्या क्षणात उजेड दिसला की नेम बाद. आजच्या टीव्हीवर ती बंदूक मुकी आहे, कारण चित्र सजवून दाखवण्यात त्याचा वेळ जातो. ‘बुशिडो बॉल’मध्ये तेवढ्याच उशिराने माझे दोन दिवस गेले. गेम मोड लावला आणि चेंडू हातात आला.

खेळ पूर्ण केला की यादीतलं त्याचं चित्र सोनेरी होतं. त्याहून जास्त काही साधलं की चेरी मिळते. आज वहीप्रमाणे लेकीच्या नावावर एकोणीस सोनेरी, माझ्या नावावर चौदा, अण्णांच्या नावावर एक. चेरी घरात अजून एकच, तीही लेकीची. ‘बार्बुटा’चा नकाशा एकसष्टाव्या पानावर अर्धा झालाय, उजव्या बाजूचा एक दरवाजा उघडत नाही. तुम्ही तो उघडला असेल, तर कृपा करून मला सांगू नका.